एक तृतीयांश सेकंद : धाहरानचे शंभर तास

आखाती युद्ध चालू असताना, २५ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री ८ वाजून ४० मिनिटांनी सौदी अरेबियातल्या धाहरान शहराजवळ एका गोदामावर इराकचं स्कड क्षेपणास्त्र येऊन पडलं. गोदामात अमेरिकी सैनिकांची राहण्याची सोय केलेली होती. २८ जण ठार झाले, शंभराच्या आसपास जखमी झाले. असं क्षेपणास्त्र हवेतच फोडण्यासाठी धाहरानच्या हवाई तळापाशी पेट्रियट यंत्रणेची अल्फा बॅटरी, म्हणजे क्षेपणास्त्रांची एक तुकडी, तैनात होती. तिने त्या रात्री प्रतिकाराचं एकही क्षेपणास्त्र डागलं नाही.

संगणक बंद पडलेला नव्हता. रडार चालू होतं. चूक होती ती वेळेचा हिशेब ठेवण्यात. एकाच प्रोग्रॅममध्ये वेळेचं रूपांतर दोन तऱ्हांनी होत होतं, काही ठिकाणी नव्या अचूक पद्धतीने आणि काही ठिकाणी जुन्या ढोबळ पद्धतीने. या दोन पद्धतींत त्या क्षणी पडलेला फरक होता सेकंदाचा एक तृतीयांश.

अमेरिकी काँग्रेससाठी तपासणी करणाऱ्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने ४ फेब्रुवारी १९९२ रोजी या घटनेचा अहवाल दिला. खाली आलेले तासांचे आणि मीटरचे आकडे त्या अहवालातले आहेत. बॅटरी ‘शंभर तासांहून अधिक’ सलग चालू होती असं अहवाल म्हणतो. इथे हिशेबासाठी नेमके शंभर धरले आहेत. ज्यांच्या हाती आज एखादा डेटाबेस आहे, त्या प्रत्येकाने हा घटनाक्रम वाचावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधीची पायाभरणी

पेट्रियटची मूळ रचना झाली ती सोव्हिएत विमानं आणि क्रूझ क्षेपणास्त्रं पाडण्यासाठी. त्यांचा वेग ध्वनीच्या सुमारे दुप्पट. यंत्रणा फिरती होती. एका जागी काही तास चालवायची, मग शत्रूला ठिकाण कळण्याआधी दुसरीकडे हलवायची, अशी कल्पना होती. आठवडाभर एकाच जागी न थांबता ती चालेल, हे रचनाकारांनी गृहीतच धरलं नव्हतं.

तिच्या संगणकाची घडण १९७० च्या दशकातली. आतलं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत असे. यंत्र सुरू झालं की शून्य, मग १, २, ३ असा पूर्णांक वाढत जायचा. गणितात मात्र सेकंद लागायचे, म्हणून त्या आकड्याला ०.१ ने गुणायचं. घोळ इथे सुरू होतो. आपल्या दशमान पद्धतीत ०.१ हा साधा आकडा आहे. बायनरीत तो संपतच नाही: ०.०००११००११००११००११… असा अखंड चालतो. संगणकाचं रजिस्टर होतं २४ बिटांचं. जेवढं मावलं तेवढं ठेवलं, उरलेलं शेपूट छाटलं. छाटलेला भाग ०.०००००००९५ इतका, म्हणजे एक कोटीव्या भागाहूनही लहान. पण तो दर दहाव्या सेकंदाला हिशेबातून गळत होता आणि तासाला छत्तीस हजार वेळा गळत होता.

एवढ्यानेही अनर्थ झाला नसता. स्कड ध्वनीच्या सुमारे पाचपट वेगाने येतं, म्हणून त्याच्याशी सामना करण्यासाठी पेट्रियटचं सॉफ्टवेअर सुधारलं गेलं. त्या सुधारणेत घड्याळाची वेळ अधिक अचूकपणे सेकंदात बदलणारं एक सबरूटीन लिहिलं गेलं. प्रोग्रॅममध्ये सुमारे अर्धा डझन ठिकाणी ते वापरायला हवं होतं. सगळीकडे ते बसवलं गेलं नाही. इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट स्कील यांनी १९९२ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. जुनी, ढोबळ पद्धत सगळीकडे राहिली असती तरी चूक वजाबाकीत कटून गेली असती. अर्ध्या दुरुस्तीने ती उघडी पडली.

चौदा दिवस बाकी : ११ फेब्रुवारी

इस्रायलनेही पेट्रियट तैनात केल्या होत्या आणि तिथल्या लोकांनी त्यांना डेटा रेकॉर्डर जोडले होते. अमेरिकी अधिकाऱ्यांनी तसे रेकॉर्डर जोडणं टाळलं होतं. रेकॉर्डरमुळे यंत्रणा अचानक बंद पडेल अशी त्यांना धास्ती होती. या दिवशी अमेरिकेच्या पेट्रियट प्रकल्प कार्यालयाकडे आलेल्या इस्रायलच्या नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट दिसली. सलग ८ तास चालल्यावर पेट्रियटची ‘रेंज गेट’ २० टक्के सरकते.

रेंज गेट म्हणजे आकाशातला तो पट्टा, जिथे लक्ष्य पुढच्या क्षणी दिसायला हवं. आधीच्या वेळी लक्ष्य कुठे होतं, त्याचा वेग किती आणि दोन वेळांत अंतर किती, यावरून संगणक तो पट्टा ठरवतो आणि रडार तिथेच बघतं. गेट ५० टक्के सरकली की लक्ष्य तिच्या बाहेर पडतं. ८ तासांत २० टक्के, तर २० तासांत ५० टक्के. हा सरळ त्रैराशिकाचा हिशेब होता. पण अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांची समजूत अशी होती की आपल्या बॅटऱ्या एवढा वेळ सलग कुणी चालवत नसेल. त्यांनी तसं कुणाला विचारून पाहिलं नाही.

नऊ दिवस बाकी : १६ फेब्रुवारी

दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर तयार झालं आणि रवाना झालं. युद्धाच्या धामधुमीत विमान आणि जमिनीवरची वाहनं मिळवत ते एकेका ठिकाणी पोहोचायचं होतं. धाहरान या वाटेवर दहा दिवस लांब होतं.

सहा दिवस बाकी : १९ फेब्रुवारी

पेनसिल्व्हेनियातल्या ग्रीन्सबर्गची १४ वी क्वार्टरमास्टर डिटॅचमेंट सौदी अरेबियात उतरली. ही राखीव दलातली ६९ जणांची तुकडी. पाणी शुद्ध करणं हे त्यांचं काम. त्यांना धाहरानजवळच्या गोदामात जागा मिळाली.

शंभर तास बाकी : २१ फेब्रुवारी, दुपारनंतर

शंभर तास उलटे मोजले तर आपण २१ फेब्रुवारीला, दुपारी साडेचारच्या पुढे येऊन पोहोचतो. अल्फा बॅटरीचं घड्याळ या सुमारास शून्यापासून चालू झालेलं धरू. चूक शून्य, सरक शून्य.

याच तारखेला पेट्रियट प्रकल्प कार्यालयाने सगळ्या बॅटऱ्यांना एक संदेश धाडला. यंत्रणा फार जास्त वेळ सलग चालवली तर रेंज गेट सरकू शकते आणि लक्ष्य हुकू शकतं, सुधारित सॉफ्टवेअर येत आहे, असा त्याचा आशय. ‘फार जास्त वेळ’ म्हणजे किती तास, हे त्यात लिहिलं नव्हतं. कार्यालयाकडे ८ तासांचा आकडा होता, त्यावरून २० तासांचा आकडा काढता येत होता. दोन्ही संदेशात नव्हते. बॅटरीवरच्या माणसाने त्या संदेशावरून नेमकं करायचं काय, याचं उत्तर त्यात नव्हतं.

९९ तास बाकी

घड्याळाच्या हिशेबाने ३,६०० सेकंद व्हायला हवे होते. संगणकाच्या जुन्या रूपांतराने झाले ३,५९९.९९६६. सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजावा इतका फरक. रेंज गेट ७ मीटर सरकली.

आता वजाबाकी जवळून पाहू, कारण सगळा प्रकार तिच्यात आहे. रडारने लक्ष्य आधी पाहिलं ती वेळ आणि आत्ताची वेळ, या दोहोंत किती अंतर आहे हे संगणकाला हवं असतं. दोन्ही वेळा ढोबळ पद्धतीने काढल्या तर दोन्ही जवळपास सारख्याच कमी भरतात आणि वजा केल्यावर उत्तर बरोबर येतं. दोन्ही अचूक पद्धतीने काढल्या तर प्रश्नच नाही. एक वेळ अचूक आणि दुसरी ढोबळ घेतली की यंत्र सुरू झाल्यापासून साचलेली सगळी चूक त्या एका वजाबाकीत येऊन उतरते. शिंप्याची टेप आखूड असली तरी अंगाचं आणि कापडाचं माप त्याच टेपने घेतलं तर सदरा अंगाला बसतो. एक माप एका टेपने आणि दुसरं दुसरीने घेतलं की तो वाया जातो.

९२ तास बाकी : २१ फेब्रुवारीची मध्यरात्र उलटून गेली

घड्याळाचा ८ वा तास. चूक ०.०२७५ सेकंद, सरक ५५ मीटर. इस्रायलने दहा दिवसांपूर्वी ज्या टप्प्याची सूचना दिली होती, तो टप्पा धाहरानमध्ये आला आणि गेला.

या क्षणी यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली असती तर घड्याळ शून्यावर आलं असतं आणि साचलेली सगळी चूक पुसली गेली असती. रीबूटला लागतो ६० ते ९० सेकंदांचा वेळ.

८० तास बाकी : २२ फेब्रुवारी, भर दुपार

२० वा तास. चूक ०.०६८७ सेकंद, सरक १३७ मीटर. गेट निम्म्याने सरकली. इथून पुढे वेगाने येणारं स्कड गेटच्या बाहेर राहणार. कागदावर बॅटरी सज्ज होती. प्रत्यक्षात ज्या कामासाठी ती तिथे होती ते काम तिच्याकडून होणार नव्हतं. हे ठाऊक असलेला एकही माणूस धाहरानमध्ये नव्हता.

या घटनाक्रमातला खरा शेवट माझ्या मते या दुपारी झाला. पुढचे ऐंशी तास फक्त स्कड येण्याची वाट होती.

५२ तास बाकी : २३ फेब्रुवारी, संध्याकाळ

४८ वा तास. १,७२,८०० सेकंदांच्या जागी १,७२,७९९.८३५२. सरक ३३० मीटर.

४० तास बाकी : २४ फेब्रुवारी, पहाट

पहाटे ४ वाजता इराकविरुद्ध लढणाऱ्या मित्रफौजांनी जमिनीवरून हल्ला सुरू केला. १७ जानेवारीपासून चाललेलं हवाई युद्ध आता कुवेतच्या वाळूत उतरलं. अशा घडीला हवाई तळाचं रक्षण करणारी यंत्रणा दीड मिनिट का होईना बंद करावी, असा विचार करायला कुणाच्या हाती ठोस कारण हवं होतं. ते कारण म्हणजे एक आकडा होता आणि तो संदेशातून गळला होता.

२८ तास बाकी : २४ फेब्रुवारी, संध्याकाळ

७२ वा तास. चूक ०.२४७२ सेकंद, सरक ४९४ मीटर. दुरुस्त सॉफ्टवेअर अजून वाटेवर.

शेवटची मिनिटं : २५ फेब्रुवारी, रात्र

१०० वा तास. घड्याळाच्या हिशेबाने ३,६०,००० सेकंद. जुन्या रूपांतराने ३,५९,९९९.६५६७. चूक ०.३४३३ सेकंद. सरक ६८७ मीटर.

इराकमधून सुटलेलं स्कड धाहरानच्या दिशेने आलं. संगणकाने पुढची जागा काढली, रडारने तिथे पाहिलं. तिथे काही नव्हतं. क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतरावर होतं, पण तिकडे बघायला संगणकाने सांगितलंच नव्हतं. यंत्रणेच्या लेखी लक्ष्यच नव्हतं, म्हणून पेट्रियट सुटलं नाही.

शून्य : रात्री ८ वाजून ४० मिनिटं

स्कड गोदामावर आदळलं. १४ व्या डिटॅचमेंटच्या ६९ जणांपैकी १३ ठार झाले आणि ४३ जखमी. घर सोडून परक्या मुलखात येऊन त्यांना आठवडाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी : २६ फेब्रुवारी

दुरुस्त सॉफ्टवेअर धाहरानला पोहोचलं.

आजच्या टेबलांत

धाहरानच्या त्या संगणकात एसक्यूएल नव्हतं. पण तेच दुखणं आज बँकेच्या, रुग्णालयाच्या, रेल्वेच्या आणि महापालिकेच्या कुठल्याही डेटाबेसमध्ये शिरू शकतं. एका यंत्रणेत वेळ लिहायच्या दोन पद्धती असतात आणि कुणीतरी त्या दोन वेळांची वजाबाकी करतो.

स्कड पडलं तो क्षणच घ्या. धाहरानच्या घड्याळात २०:४० वाजले होते, वॉशिंग्टनला १२:४०, भारतात २३:१० आणि यूटीसीनुसार १७:४०. कॉलममध्ये नुसतं ‘१९९१-०२-२५ १७:४०’ लिहिलेलं असेल तर ती कुठली वेळ? लिहिणाऱ्याला माहीत असतं. तो नोकरी सोडून गेला की कुणालाच माहीत नसतं.

मायएसक्यूएलमध्ये ‘टाइमस्टॅम्प’ प्रकारचा कॉलम वेळ यूटीसीत बदलून ठेवतो आणि दाखवताना सेशनच्या टाइमझोनमध्ये परत आणतो. ‘डेटटाइम’ दिलं तसं ठेवतो, बदलत नाही. दोन्ही कॉलम पडद्यावर सारखेच दिसतात. एका टेबलात ‘केव्हा सुरू झालं’ हे एका प्रकारात आणि ‘केव्हा संपलं’ हे दुसऱ्या प्रकारात असेल, तर एखाद्या दिवशी सर्व्हरचा टाइमझोन भारतीय वेळेवरून यूटीसीवर गेला की कामाचा अवधी साडेपाच तासांनी चुकतो. कुठलीही एरर येत नाही. रिपोर्ट नेहमीसारखा छापून निघतो.

साडेपाच तासांचा हा फरक आपल्याकडे एका ठराविक वेळेला चावतो. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत भारतात जे घडतं, त्याची यूटीसीतली तारीख आदल्या दिवसाची असते. रात्रपाळीत रुग्णाला १ वाजता दिलेलं इंजेक्शन यूटीसीत आदल्या दिवशीच्या १९:३० ला दिसतं. रोजचा हिशेब तारखेवर चालत असेल आणि एक मोड्यूल यूटीसीत, दुसरं स्थानिक वेळेत लिहीत असेल, तर तोच डोस दोन दिवसांच्या रकान्यांत फिरतो.

तारीख मजकूर म्हणून साठवली की आणखी प्रकार. एसक्यूलाइटमध्ये तारखेसाठी वेगळा प्रकारच नाही. मजकूर, दशांश संख्या किंवा पूर्णांक, यांपैकी काहीही चालतं. मग कुणी ‘०३/०४’ लिहून तीन एप्रिल समजतो, दुसरा त्याचा अर्थ चार मार्च लावतो. दिवस आधी लिहिलेल्या मजकुराची क्रमवारी लावली तर १ डिसेंबर हा २ जानेवारीच्या आधी येऊन बसतो. एक प्रोग्रॅम १९७० पासूनचे सेकंद लिहितो, दुसरा तोच आकडा मिलिसेकंद समजून वाचतो, आणि आजचा व्यवहार जानेवारी १९७० मध्ये झाल्याचं दिसतं. ही शेवटची चूक बरी, कारण ती डोळ्यात भरते. धाहरानची चूक डोळ्यात भरत नव्हती. ती पहिल्या तासाला ७ मीटर होती.

यातली सगळ्यांत घातक वेळ असते दुरुस्तीची. जुन्या यंत्रणेत सगळीकडे स्थानिक वेळ असते, हिशेब चुकतमाकत का होईना जुळत असतात. मग कुणीतरी शहाणपणाने नव्या मोड्यूलमध्ये यूटीसी आणतं. रात्री चालणारा जुना जॉब, दुसऱ्या टीमकडची एक्सेल शीट आणि वर्षानुवर्षं कुणी न उघडलेलं एक स्टोअर्ड प्रोसिजर तसंच राहतं. त्या दिवसापासून वजाबाकीत दोन वेगवेगळ्या पद्धतींच्या वेळा येऊ लागतात. पेट्रियटच्या प्रोग्रॅममध्ये नेमकं हेच झालं होतं. अचूक सबरूटीन लिहिणाऱ्याने आपलं काम चांगलंच केलं होतं. ते सगळीकडे पोहोचलं की नाही हे तपासण्याचं काम मात्र पुरं झालं नाही.

उपाय अवघड नाहीत. क्षण साठवताना टाइमझोनची जाण असलेला प्रकार वापरावा आणि वेळ यूटीसीत ठेवावी. एका यंत्रणेतून दुसरीत पाठवताना आयएसओ ८६०१ हे १९८८ पासूनचं प्रमाण पाळावं: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, शेवटी टाइमझोनचा फरक. माणसाला दाखवताना, अगदी शेवटच्या पायरीवर, स्थानिक वेळ करावी. चाचणी दहा मिनिटांची न घेता यंत्रणा प्रत्यक्षात जितके दिवस सलग चालते तितके दिवस घ्यावी. इशारा द्यायचा तर त्यात तास लिहावेत, ‘फार जास्त’ असं मोघम लिहू नये.

या सगळ्यांच्या आधी एक काम करा. आपल्या यंत्रणेत वेळ जिथे जिथे लिहिली, वाचली आणि वजा केली जाते, त्या सगळ्या जागांची यादी काढा आणि ती टीममधल्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. दुरुस्ती करायची असेल तर त्या यादीतल्या शेवटच्या जागेपर्यंत करा. एकही जागा उरली असेल, तर ‘काम झालं’ असं कुणालाही कळवू नका.